परत ठेवलेलं डाळिंब

ढग रस्त्यावरच येऊन बसला, तेव्हा एकनाथनं गाडी थांबवली. पुढचं गाव चालतच गाठायचं ठरलं. सातवा महिना लागलेली प्रियांका सगळ्यांच्या आधी उतरली. हट्टच तिचा होता. झाडावरून नुकतं काढलेलं डाळिंब खायचं, दुकानातलं नको, असे तिचे डोहाळे. बायकोच्या डोहाळ्यांपुढे नवऱ्याचं काय चालतंय! एकनाथनं पहाटेच मस्कतजवळच्या अल अमेरातहून गाडी काढली, आणि थोरल्या बहिणीला, वसुंधरेला, मागच्या सीटवर बसवून घेतलं.

वसुंधरा चिपळूणहून बाळंतपणासाठी आली होती. भावजयीचं सगळं हौसेनं करत होती. एका गोष्टीला मात्र तिनं हात जोडले होते. उद्या, शुक्रवारी, प्रियांकाची ओटी भरायची होती. शेजारपाजारच्या बायका येणार होत्या. प्रियांकाला आई नव्हती, म्हणून पहिली ओटी ताईंनीच भरायची, असं तिनं जाहीर करून टाकलं. वसुंधरेचा नवरा दयानंद जाऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून कुणी तिची ओटी भरली नव्हती आणि तिनं कुणाची भरली नव्हती. भरल्या पोटाला आपला हात नको, आपण उद्या स्वयंपाकघरातच बरे, असं तिनं सांगून टाकलं. प्रियांका रडली. मस्कतमध्ये वाढलेली पोर, तिला रीतभात काय ठाऊक, म्हणत वसुंधरेनं विषय मिटवला. असा मिटतोय होय! गाडीत दोघी आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होत्या.

ढग जरा सरकला आणि गाव दिसलं. रानशेळ्यांसाठी राखलेल्या डोंगराच्या कुशीत चुना काढलेली जुनी घरं एकावर एक चढत गेली होती. खालच्या घराचं छप्पर ते वरच्याचं अंगण. ढग कुठे संपला आणि भिंत कुठे सुरू झाली ते कळेना. हात लावला की बोटांना पांढरं लागायचं, तेव्हा कुठे ती भिंत. कुठूनतरी पाण्याचा आवाज येत होता. माहेरच्या सुपारीच्या बागेतला पाट असाच वाजायचा. वसुंधरेला वाटलं, आपण झोपेतच चाललोय आणि आता कोणीतरी हाक मारून उठवील. तिला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटल्याची जराशी लाजही वाटली.

त्या सगळ्या पांढऱ्यात एक लाल ठिपका हलला. जवळ गेल्यावर तो म्हातारीचा झगा निघाला. चांगली पिकलेली म्हातारी, पण अंगावर लालभडक कपडे आणि तळहातांवर ताजी मेंदी. तिनं तिघांना ओट्यावर बसवलं, खजूर आणि कॉफी पुढे केली. प्रियांकाच्या पोटाकडे बघून ती गालातल्या गालात हसली आणि लगबगीनं मागच्या झाडांकडे गेली. येताना टोपली भरून डाळिंबं घेऊन आली. ती नेमकी वसुंधरेसमोर येऊन उभी राहिली. म्हातारीच्या हिशेबानं मान थोरलीचा असणार.

पिशवी गाडीत राहिली होती. कोकणातली बाई अशा वेळी काय करणार? तिनं आपल्या फिकट साडीचा पदर पुढे पसरला. म्हातारीनं ओंजळी भरभरून डाळिंबं त्यात घातली. पदर जड झाला. आणि वसुंधरेचा हात आपणहून पुढे गेला, पदरातलं एक डाळिंब उचलून त्यानं म्हातारीच्या टोपलीत परत ठेवलं.

ठेवलं आणि ती जागच्या जागी थिजली. ओटीतलं थोडं ओटी भरणारीला परत द्यायचं, ही लहानपणापासूनची सवय. हातानं ओळखलं होतं. तिची ओटी भरली गेली होती.

म्हातारीनं कपाळाला आठ्या घालून काहीतरी विचारलं. एकनाथचं अरबी म्हणजे साइटवरचं, मोडकंतोडकं. त्यानं सांगितलं, "ती म्हणतेय, खराब आहे का, म्हणून परत दिलं?"

"तिला सांग, मी विधवा आहे," वसुंधरा म्हणाली. "सांग तिला. तिनं न कळता भरली."

एकनाथनं शब्द शोधले, सापडेनात, मग आभाळाकडे बोट करून 'खलास' म्हणाला. म्हातारीला कळलं. तिनं गावाबाहेरच्या थडग्यांच्या दगडांकडे हात केला, दोन बोटं वर केली आणि स्वतःच्या लाल छातीवर हात ठेवला. तिचे दोन नवरे गेले होते. मग परत ठेवलेलं डाळिंब उचलून तिनं पुन्हा वसुंधरेच्या पदरात टाकलं आणि पुटपुटत वळली.

"काय म्हणाली?"

एकनाथनं जुळवून सांगितलं, "म्हणाली, नवरे गेले म्हणून झाडं थांबली नाहीत. मग डाळिंबं खायची कुणी?"

वसुंधरेला हसू फुटलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच. गेल्या तीन वर्षांत ती चारचौघांत अशी रडली नव्हती. ढग पुन्हा खाली उतरत होता, समोरची घरं एकेक करून त्यात विरत होती. तिनं डोळे पुसले नाहीत. पदर दोन्ही हातांनी सावरत ती ओट्यावर बसलेल्या भावजयीजवळ गेली.

"प्रियांका, ओढणी पसर."

उद्याचं उद्या, असं कोणीच म्हणालं नाही. वसुंधरेनं एकेक डाळिंब हातात घेऊन, पोटाला हळूच टेकवून, ओढणीत घातलं. प्रियांका मान खाली घालून बघत राहिली. शेवटचं पडल्यावर तिनं त्यातलं एक उचललं आणि ताईच्या रिकाम्या पदरात ठेवलं.

"असंच करायचं ना, ताई?"