टेबलं हलली, एवढंच

सोमवारी नव्या साहेबांनी टेबलं हलवली आणि दुपारच्या सुट्टीआधीच वेधशाळेने अंदाज वर्तवला.

वेधशाळा म्हणजे पंख्यांच्या त्या कारखान्यातले, खरेदी विभागातले सर्वांत जुने कारकून. खऱ्या वेधशाळेचं काही का असेना, यांचं कधी चुकलं नव्हतं. तपासणी विभागात त्यांची सख्खी भाची होती. ती मामा म्हणायची, म्हणून हळूहळू सगळेच म्हणू लागले.

"आधी टेबलं हलतात," मामा सांगत, "मग रंगरंगोटी, मग मीटिंगांचा सुकाळ. शेवटी साहेबाला बढती आणि टेबलं गुपचूप जागेवर. उगाच जीव टांगणीला लावू नका."

हे साहेब मात्र भलतेच साधे निघाले. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "इथे सगळ्यांत जुनं कोण?" आणि कप घेऊन थेट मामांसमोर बसले. तेव्हापासून त्यांचा रोजचा चहा तिथेच. जुन्या साहेबांचे किस्से ऐकून ते पोट धरून हसत.

मामांचं टेबल आता दालनाच्या मधोमध, पाण्याच्या मशीनशेजारी आलं होतं. येणारा-जाणारा तिथे थांबे, काळजी बोलून दाखवे आणि हलका होऊन जाई. मामांना हे मनापासून आवडलं.

रंगाचे डबे आले. एक भिंत रंगवून झाली, बाकीच्या राहिल्या. मीटिंगाही सुरू झाल्या.

"बघा!" मामा म्हणाले.

भाची मात्र बेचैन होती. तिला दुसऱ्या कारखान्यातून बोलावणं आलं होतं आणि शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. नवरा आजारपणामुळे घरी, दोन मुलं शाळेत, सगळं घर तिच्या एकटीच्या पगारावर.

"मामा, या खेपेला काहीतरी वेगळं वाटतंय. तांब्याची तार मागवणंसुद्धा थांबलंय ना?"

"नवा साहेब आधी खरेदी आवळतोच. नंतर दुप्पट मागवतो. खरेदीत मी आहे की तू?"

"तसं नाही, पण..."

"तिथे तू नवी. काही कमी-जास्त झालं तर पहिली गदा नव्यांवर. तू माझं ऐक."

शेवटी ती म्हणाली, "तुम्ही म्हणताय म्हणजे बरोबरच असेल." तिने बाहेर जाऊन फोनवर नकार कळवला. लेकीसारखी पोर डोळ्यांसमोर राहणार म्हणून मामांना फार बरं वाटलं.

पुढच्या महिन्यात एका सकाळी फाटकावर सूचना लागली. कारखाना बंद. शेवटची मोठी ऑर्डर आदल्या संध्याकाळीच रवाना झाली होती. तोवर एकही माणूस नोकरी सोडून गेला नव्हता.

मामा तडक साहेबांच्या खोलीत गेले. साहेब बॅग भरत होते. मामांच्या मागे दारात भाची उभी होती.

"साहेब, माझा अंदाज कधी चुकला नव्हता हो," मामा म्हणाले.

"बसा, मामा." साहेबांनी स्वतः खुर्ची पुढे केली. "मी कारखाने चालवायला जात नाही, बंद करायला जातो. माणसं आधीच पांगली तर शेवटचा माल अडकतो. म्हणून जाईन तिथे आधी टेबलं हलवतो आणि तुम्हाला शोधतो."

"मला?"

"तुमच्यासारखं कुणीतरी प्रत्येक ठिकाणी असतंच. आजवर मला एकदाही स्वतः खोटं बोलावं लागलेलं नाही."