मागची सीट

निवृत्त बस ड्रायव्हरला आताशा ओळखीचे रस्तेही आठवत नसत, पण दोन सीटांची सायकल त्याच्या अंगात भिनली होती. चेनला तेल, चाकांत हवा, सगळं तो न चुकता बघे. पुढे हँडल त्याचं, मागून वाट सांगणं बायकोचं. एका सकाळी तलावाजवळच्या चढावर त्याने मान वळवून विचारलं, "ताई, तुम्हाला कुठे सोडू?" "तुम्ही न्याल तिथे," ती कशीबशी म्हणाली. "नेतो की! पण ही सीट आमच्या हिची आहे हं. ती आली की तुम्हाला उठावं लागेल. तिच्याशिवाय मला चढ जमत नाही." तिला एकदम भरून आलं. तो तिचा चेहरा विसरला होता, पण तिची जागा त्याने कुणाला दिली नव्हती. "उठेन हो," ती म्हणाली आणि तिने पायडलवर सगळा जोर लावला.