जांभळा टाका

योगेंद्रभाईंनी पिशवीतून निळा ब्लेझर काढला आणि शिलाई मशीनवरच ठेवला. गोडादऱ्याच्या कामगार वस्तीतल्या त्या एका खोलीत दुसरी मोकळी जागा होती कुठे?

"उज्ज्वला बेटा, ये पहन लो. नीचे गाडी खडी है. फोटो स्टुडिओमें निकालेंगे, यहाँ का बॅकग्राउंड जमेगा नहीं."

उज्ज्वला जागची हलली नाही. परवाच तिचा आयआयटीचा निकाल लागला होता. देशात तीनशे बारावी! उधन्यात कापडाचा लूम चालवणाऱ्या सुकदेवची ही पोर. महापालिकेच्या मराठी शाळेत वाढलेली आणि पुढे निंबा मास्तरांनी रोज गच्चीवर बसवून गणित घोटून घेतलेली. आणि आज शहरातली महागडी शाळा चार जिने चढून, धापा टाकत तिच्या दारात आली होती. योगेंद्रभाई त्या शाळेचे मॅनेजर.

मागणं साधं होतं. शाळेचा ब्लेझर घालून फोटो द्यायचा आणि अकरावी-बारावी आपण याच शाळेत शिकलो, अशा कागदावर सही करायची. फोटो शाळेची जाहिरात म्हणून पर्वत पाटियाच्या चौकात लागणार, दोन मजले उंच. बदल्यात धाकट्या मयुरीला सहावीपासून बारावीपर्यंत फुकट प्रवेश. मुलाखतसुद्धा नाही. मराठीत याला आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. योगेंद्रभाई त्याला 'टाय-अप' म्हणत होते.

उज्ज्वलाच्या आईला, प्रमिलाबाईंना, ती शाळा नवी नव्हती. तेरा वर्षांपूर्वी, पाच वर्षांच्या उज्ज्वलाच्या दोन घट्ट वेण्या घालून त्या तिला तिथे घेऊन गेल्या होत्या. पोरीने शंभरापर्यंत आकडे धडाधडा म्हणून दाखवले. मग मॅडमनी आईबापाला इंग्रजीत दोन प्रश्न विचारले. सुकदेव पंख्याकडे बघत राहिला, प्रमिलाबाई फरशीकडे. "बच्ची तेज है, लेकिन घर का माहौल..." एवढं बोलून मॅडमनी पुढच्या पालकांना हाक मारली. ते अर्धं वाक्य प्रमिलाबाईंना आजही बोचत होतं.

तरी त्या शाळेची हाव गेली नव्हती, खोटं कशाला बोलायचं? भाजी आणायला जाताना त्या मुद्दाम लांबच्या रस्त्याने जात, त्या शाळेच्या फाटकावरून. मोठीचं हुकलं, निदान मयुरीचं तरी जमावं, असं मनात म्हणत. आता तेच फाटक आपण होऊन उघडलं होतं. नुसती एक सही, आणि मयुरीला कुणी घरचा माहौल विचारणार नव्हतं.

त्यांनी ब्लेझर हातात घेतला आणि सवयीने खिसा उलटा केला. आत जांभळ्या दोऱ्याचे तीन टाके होते.

प्रमिलाबाई एका ठेकेदाराकडून याच शाळेचे ब्लेझर शिवायला घरी आणत. प्रत्येक बाईने खिशाच्या आत आपापल्या रंगाचे तीन टाके घालायचे, अशी ठेकेदाराची रीत. शिवण बिघडली की माल कुणाच्या घरी परत धाडायचा, ते त्याला कळे. शेजारच्या शोभाबाईंचा दोरा पिवळा, प्रमिलाबाईंचा जांभळा. दहा वर्षांत जांभळ्या टाक्याचा एकही नग परत आला नव्हता.

"खांदे में ढिला है, साहेब. अभी बराबर करती," म्हणत त्या मशीनपाशी बसल्या.

"देखा? माँ समझ गई," योगेंद्रभाई खुशीत म्हणाले आणि सहीसाठी पेन काढून बसले.

"माय," उज्ज्वला हळूच म्हणाली, "मास्तरले काय सांगू मी?"

प्रमिलाबाई मयुरीकडे वळल्या. सही नाकारली तर जाणार होतं ते तिचं होतं. तिला न विचारता कसं चालेल?

"मयुरी, तुन्ही शाळा जाई. तुले काय वाटस?"

अकरा वर्षांची मयुरी कोपऱ्यात बसून तयार कपड्यांचे लोंबणारे दोरे कापत होती. ब्लेझरच्या खिशावरचा शाळेचा सोनेरी बिल्ला तिच्या ओळखीचा होता. शिवायला आलेले बिल्ले आपल्या फ्रॉकवर धरून ती कितीदा तरी आरशासमोर उभी राहिली होती. तिने एकदा बिल्ल्याकडे पाहिलं, एकदा ताईकडे. मग हातातली छोटी कात्री तिने आईपुढे धरली.

"माय, हाई घे."

प्रमिलाबाईंनी कात्रीचं टोक बिल्ल्याखाली घातलं. कट्, कट्, कट्. आपलीच शिवण त्या उसवत होत्या.

"अरे, अरे! ये क्या करते हो, बेन?" योगेंद्रभाई ताडकन उठले. "बिना बिल्ले का फोटो किस काम का?"

प्रमिलाबाईही उठल्या. इतका वेळ त्या त्यांच्याशी मोडक्या हिंदीत बोलत होत्या. आता सरळ मराठीत बोलल्या.

"कापड ठेकेदाराचं, साहेब. शिवण माझी. गणित निंबा मास्तरांचं. आणि पोरगी ह्या घरच्या माहौलातली."

त्यांनी सुटलेला बिल्ला योगेंद्रभाईंच्या तळहातावर ठेवला.

"ह्यात तुमचं एवढंच होतं."