दुखण्याची वही

दुकानदारांचे तराजू तपासण्यात उभी नोकरी गेलेल्या निवृत्त निरीक्षकांच्या पोटात औषधाचा पंप बसवायचा की नाही, ते आज ठरणार होतं. नसांचं दुखणं जुनं होतं.

"पंप बारीक नळीतून मणक्यात थेंब थेंब औषध सोडतो," डॉक्टर म्हणाले. "दर तीन महिन्यांनी सुईने भरायचा, सहा-सात वर्षांनी पुन्हा ऑपरेशन करून बदलायचा. दुखणं तेवढं असेल तरच हा खटाटोप. वही आणलीत?"

शेजारी बसलेल्या बायकोने वही पुढे केली. ती तीच लिहायची. दहापैकी किती दुखतंय, असं ती रोज विचारायची आणि तिला घोर नको म्हणून ते वर्षभर 'तीन' सांगत आले होते. तीनला कोण पंप देणार?

डॉक्टरांनी पानं उलटली. "आठ, आठ, नऊ, आठ... बसवू या."

बाहेर आल्यावर ते पुटपुटले, "अगं, मी तर तीन सांगायचो."

"सांगायचात हो. आणि चपलेत पाय सरकवताना भिंत धरायचात." बायकोने वही पिशवीत टाकली. "दुकानदाराच्या तोंडाकडे बघू नये, काट्याकडे बघावं, हे तीस वर्षं मला कोण ऐकवत होतं?"