झाकणाच्या आतले सात आकडे

"एकेक आकडा वाच. घाई करू नकोस," दादाने वहिनीला बजावले आणि डोळ्याला भिंग लावून तो घड्याळाच्या उघड्या झाकणावर ओणवा झाला.

वहिनीने पिवळे पडलेले हमीपत्र खिडकीच्या उजेडात धरले. "चार."

"चार."

"शून्य."

"हं. शून्य."

टेबलापलीकडे धाकटा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. बारा वर्षांनी तो या घरात आला होता आणि परक्यासारखा खुर्चीच्या कडेवर टेकला होता.

दादाच्या पाठीमागे काचेचे कपाट होते. जुन्या घड्याळांचा त्याला नाद, आणि नादापेक्षा नेम कडक. मूळ खोके नाही, मूळ कागद नाहीत, तर ते घड्याळ अनाथ, असे तो म्हणे. कपाटात प्रत्येक घड्याळ आपापल्या खोक्यात, कागदांची घडी शेजारी घेऊन निजलेले. एकच खोके रिकामे होते. त्याच्या मखमलीत गोल खळगा होता. घरी येणाऱ्या प्रत्येकाला दादा तो खळगा दाखवी आणि मग धाकट्याचे नाव घेई.

ते घड्याळ बाबांचे. बाबा गेले त्या वर्षी एका संग्राहकाने त्याच्या बदल्यात दुसरे, फार दुर्मिळ घड्याळ देऊ केले होते. अट एवढीच, की खोके आणि कागद यांसकट पूर्ण संच हवा. दादा हरखून गेला. धाकटा मात्र जेवताना ताटावरून उठला. "बाबांचं घड्याळ मी या घराबाहेर जाऊ देणार नाही!" जन्मभर हळू बोलणाऱ्या माणसाने आवाज चढवला तो तेवढा एकदाच.

दुसऱ्या दिवशी संग्राहक आला तेव्हा खोके जागेवर होते, कागद होते, घड्याळ नव्हते. चोर कोण, हे कुणी कुणाला विचारलेच नाही. दादाने पोलिसांत तक्रार दिली आणि धाकट्याची बॅग दाराबाहेर ठेवली.

"सात."

"सात. पुढे?"

एकटी आई तेवढी त्याची राहिली. दर गुरुवारी ती त्याच्या भाड्याच्या खोलीवर येई, खाटेवर बसे, त्याच्या शर्टाची सैल बटणे घट्ट करी आणि निघताना म्हणे, "तू घेतलं नाहीस. मला ठाऊक आहे."

"मग दादाला सांग ना, आई."

"सांगून ऐकणाऱ्यातला आहे का तो? तुझ्या बाबांवर गेलाय. हेका सोडायचा नाही."

त्या एका वाक्याच्या उबेवर त्याने बारा वर्षे काढली होती.

"पाच," वहिनी म्हणाली.

"पाच... थांब जरा." दादाने भिंग पुसले, पुन्हा लावले.

दादा का थांबला, हे धाकट्याला नेमके माहीत होते. पाचाच्या शेपटाशी कोरणी उचलायला केसभर उशीर झाला होता. ढालींवर, करंडकांवर इतरांच्या विजयाची नावे कोरणे हे त्याचे काम. बाबांचे घड्याळ त्याने अकरा वर्षे बाजार पालथे घालून शोधले. मिळाले नाही. शेवटी त्याच बनावटीचे दुसरे एक हाती लागले. त्याचा मूळ क्रमांक त्याने घासून काढला, तक्रारीची प्रत समोर ठेवली आणि तिच्यातले सात आकडे झाकणाच्या आत कोरले. मग नव्या कडा बोथट व्हाव्यात म्हणून तीन आठवडे ते झाकण फडक्याने चोळले. न केलेल्या चोरीतून सुटण्यासाठी त्याला खरीखुरी लबाडी करावी लागली होती.

"पाचच आहे," दादा पुटपुटला. "पुढे."

"एक. नऊ. दोन."

"एक... नऊ... दोन."

दादाने भिंग खाली ठेवले.

"कुठं मिळालं?"

"जुन्या बाजारात. विकणाऱ्याला कसलीच कल्पना नव्हती."

दादा टेबलाला वळसा घालून आला. एवढा धिप्पाड माणूस, पण धाकट्याच्या खांद्यावर कपाळ टेकवताना त्याला धड वाकता येईना. "छोट्या, बारा वर्षं रे! तोंड वर करून मी तुला चोर म्हणत राहिलो."

"आता रडतच बसणार, की त्याला चहा विचारणार?" वहिनी डोळे पुसत म्हणाली.

"चहा कसला विचारतेस! आधी त्याची खोली रिकामी करू. माझी सगळी अडगळ तिथं भरलीय. आणि तू रे, उद्याच्या उद्या त्या भाड्याच्या खोलीची किल्ली मालकाच्या हातावर ठेवून ये."

दोघे आत गेली. सामान सरकवल्याचे आवाज येऊ लागले. मध्येच दादा कशाला तरी ठेचकाळला आणि मोठ्याने हसला. ते हसू धाकटा विसरून गेला होता.

आई इतका वेळ कोपऱ्यातल्या खुर्चीत गप्प बसून होती. ती उठली, टेबलाशी आली. तिने झाकण दाबून बसवले, घड्याळ तळहातावर घेऊन जोखले, कानाशी धरले. धाकट्याला ते पाहवेना. दादाला फसवणे जमले होते. हिला फसवणे जमणार नव्हते.

"आई, हे बाबांचं नाही गं," तो हलक्या आवाजात म्हणाला. "आकडे मी कोरलेत. दादाला कळू देऊ नकोस. पण तुझ्याशी खोटं बोलवत नाही. सगळ्या जगात एकट्या तुझाच माझ्यावर विश्वास होता."

आईने घड्याळ खाली ठेवले आणि त्याच्या केसांतून हात फिरवला.

"हातात घेतल्या घेतल्याच कळलं मला, बाळा," ती म्हणाली. "तुझ्या बाबांच्या घड्याळाला रोज सकाळी मीच तर किल्ली देते."