आईची बाजू

"आईला एकदाही रडू देऊ नका," संपादक म्हणाले. "ती रडली की वाचक सुटला. ती नाही रडली, तर मग त्यालाच रडावं लागतं."

लेखकानं मान डोलावली. पाचव्या प्रकरणातलं रडणं त्यानं तिथल्या तिथं खोडलं आणि त्या जागी आईला एक छोटासा फ्रॉक पुन्हा पुन्हा इस्त्री करायला लावलं.

"बघा, आता जमलं," संपादक म्हणाले आणि पुढचं पान घेतलं. गडी या कामात मुरलेला. कुठं टाचणी लावली की वाचकाला टोचेल, हे त्यांना बरोबर कळायचं. "गच्चीच्या दाराची कडी लावायची तिच्याकडून राहिली, हे पहिल्याच पानावर कशाला सांगता? आधी तिला पोरीची वेणी घालू द्या, दुधावरून भांडू द्या. वाचकाचा जीव एकदा तिच्यात अडकला, की मग सांगा. मग तो तिला दोष द्यायच्याऐवजी तिची वकिली करत बसेल. आणि ही आत्याबाई अजून थोडी कडू करा. ती चारचौघांत आईला टाकून बोलली, की वाचक गेलाच आईच्या बाजूला."

"आत्याबाई माझी सख्खी बहीण आहे. जशी बोलली तशीच लिहिलीय."

संपादकांनी हातातलं पान खाली ठेवलं. गोष्ट याच्याच घरातली आहे, हे त्यांना ठाऊक होतं. त्याची मुलगी बिट्टी गच्चीवरून पडून गेली तेव्हा चार वर्षांची होती. त्या सकाळी बायको कपडे वाळत घालायला वर गेली होती. चौकशीला आलेल्या पोलिसाला तिनं स्वतःच सांगितलं, कडी माझ्याकडून राहिली. त्यानंतर नातेवाइकांनी तिला काय काय ऐकवलं, त्याला सुमार नव्हता. ती एका शब्दानं उलटून बोलली नाही.

"एक विचारू? बाप कुठं आहे? सबंध कादंबरीत दोनदा येतो, तेही पेपर वाचत."

"ही आईची गोष्ट आहे."

"बरं. वहिनींनी वाचलीय?"

लेखक खिडकीबाहेर बघू लागला.

"मग आधी त्यांना द्या. त्या हो म्हणाल्याशिवाय मी एक पानसुद्धा छापायला पाठवणार नाही."

घरी जाताना हस्तलिखिताचं बाड त्याला धोंड्यासारखं जड लागत होतं. बायकोचं दुःख बाजारात मांडायला निघालोय, लोक तोंडात शेण घालतील, आणि घालूच देत, असं त्याच्या मनात येत होतं. पण तिनं हे वाचावं, आणि निदान एकदा तरी तिला वाटावं की आपला यात काही गुन्हा नाही, एवढ्यासाठीच तर त्यानं सगळा खटाटोप केला होता. तिनं बाड फेकून दिलं असतं, तर त्याच्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं.

तिनं ते फेकलं नाही. ती शाळेत गणित शिकवायची. सुट्टीच्या दिवशी दुपारी वह्यांचा गठ्ठा बाजूला सारून तिनं बाड पुढ्यात ओढलं. "काय हे अक्षर! माझी सहावीतली पोरं बरी," म्हणाली आणि सवयीनं हातात लाल पेन धरून वाचायला लागली.

त्याचा जीव टांगणीला लागला. पूर्वी लिहिताना तो येरझारा घालायचा, मोठ्यानं वाक्यं म्हणायचा. या तळमजल्यावरच्या घरात आल्यापासून ते सुटलं होतं. आज मात्र त्याचे पाय एका जागी ठरेनात. दोनदा चहा झाला. तिसऱ्यांदा दूध उतू गेलं. बाहेरच्या खोलीतून ती म्हणाली, "गॅस बंद कर आणि बाहेर येऊन बस."

आत्याबाईच्या प्रकरणाला ती चक्क हसली. फ्रॉकच्या प्रकरणाला तिनं पान बराच वेळ उलटलं नाही. शेवटचं पान झालं तेव्हा उन्हं कलली होती.

"चांगली आहे रे ही बाई," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा बरी."

"तूच आहेस ती."

"मी एवढी गरीब गाय कधी होते? त्या सकाळी मी बिट्टीला एक धपाटा घातला होता. तो कुठं गेला?"

"काढला. वाचकाला तुझा राग येऊ नये म्हणून."

"तेच म्हणते मी. सगळं कळतं रे वाचताना. वन्संना मुद्दाम पुढं केलंस. कडीचं इतकं उशिरा सांगितलंस, की तोवर कुणाला तिच्यावर रागावताच येणार नाही. आणि पानोपानी तू तिच्यासाठी हात जोडून उभा आहेस."

"मग काय करू?" तो म्हणाला. "लोकांनी तुला माफ करावं, एवढंच मला हवंय. दुसरं काही नको."

तिनं पेनाला टोपण लावलं. मग तिनं त्याच्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, आणि त्यामुळेच त्याला तिथं बसवेना.

"इतकी माफी माणूस दुसऱ्यासाठी मागत नाही," ती म्हणाली.

तो वह्यांचा गठ्ठा सारखा करू लागला.

"मला वाटायचं, तुला आठवतच नाही. आणि आठवू नये म्हणून तर मी सगळ्यांना तसं सांगितलं. तुला कळलं असतं तर तू जगला नसतास." तिनं बाड उचलून त्याच्या मांडीवर ठेवलं. "कपडे वाळत घालून खाली आले तेव्हा मी कडी लावली होती. त्यानंतर तू वर गेलास, आणि जुळलेलं वाक्य विसरायच्या आत लिहून काढायचं म्हणून धावत खाली आलास."