मागखात्यातली बोली

एकशेवीस मागांपैकी एकच माग ठेवला होता. बाकीची फरशी घासूनपुसून बघ्यांसाठी मोकळी केली होती. कापडगिरणीचं आजपासून संग्रहालय झालं होतं. दारावर नवी पितळी पाटी, ‘या गिरणीने हे गाव घडवलं’, आणि खाली मालकाचं नाव. गावातल्या रस्त्याला, दवाखान्याला, बागेतल्या कारंज्यालाही तेच नाव. या खात्यात ज्यांचे कान गेले त्या बायांचं नाव पाटीवर नव्हतं. पितळ महाग असणार.

डोरीन आणि विनी पुढेच उभ्या होत्या. दोघी सत्तरीच्या. अकरा वर्षं समोरासमोरच्या मागांवर काढलेल्या.

“एवढ्या आवाजात तुम्ही बोलायचा कशा?” माहिती सांगणाऱ्या बाईने विचारलं.

“बोलतंय कोण! ओठ ताणून हलवायचे, दुसरीने वाचायचे,” विनी म्हणाली. “माझा नवरा पबमध्ये कितवा ग्लास मागवतोय ते मला रस्त्यापलीकडून, खिडकीतून कळायचं. मरेपर्यंत विचारत राहिला, तुला सांगितलं कुणी?”

सगळे हसले. डोरीन सगळ्यांत जोरात हसली.

मग माग सुरू केला. धागा वाहणारा धोटा दोन्ही टोकांना आदळायला लागला, फरशी थरथरली, लोकांनी कानांवर हात ठेवले. डोरीनची नजर कोपऱ्यात गेली. मॅनेजरची काचेची केबिन तशीच होती. आत खुर्चीवर टाय लावलेला एक पुतळा बसवला होता, मागखात्याकडे पाठ करून.

चाळीस वर्षांपूर्वी ती त्या टेबलासमोर उभी राहिली होती. अर्धे माग बंद होणार होते. दोघींतली एकच राहणार होती. ती राहिली. दोन वर्षांनी गिरणीने तिलाही हाकललं, पण ती गोष्ट वेगळी.

शांततेत तिला हे कधी सांगता आलं नव्हतं. चहा पिताना नाही, विनीच्या नवऱ्याला पुरलं तेव्हाही नाही. गिरणी सुटल्यावर विनी शाळेच्या फरश्या पुसायची, तिथून डोरीन तिला घरी घेऊन यायची, पण तोंड उघडायची नाही. आता कुणाला काही ऐकू येणार नव्हतं. ती वळसा घालून मागाच्या पलीकडे, विनीच्या समोर जाऊन उभी राहिली आणि ओठ हलवले.

“मी सांगितलं मॅनेजरला. तुझी बोटं आखडलीत, तुझे तुटलेले धागे मीच बांधते म्हणून. तुझं काम माझ्यामुळे गेलं.”

विनीने शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. मग तिचे ओठ हलले.

“माहीत आहे.”

“कुणी सांगितलं?”

विनीने वाकडं बोट केबिनकडे केलं. “काच आहे ना गं.”

डोरीनने पुन्हा तिकडे पाहिलं. मॅनेजरची पाठ खात्याकडे. म्हणजे टेबलासमोर जो उभा राहील त्याचं तोंड खात्याकडे. त्या दिवशी तिने दार नीट लावून घेतलं होतं. आवाजही हळू ठेवला होता. पण अकरा वर्षांची सवय! ओठ एकेका शब्दाला ताणून हलले असणार. समोर साठ बाया. ती बाहेर आली तेव्हा एकीनेही मान वर केली नव्हती. तिला वाटलं होतं, कामात आहेत.

त्या साठ जणी नंतर तिला बेकरीत भेटल्या, चर्चमध्ये भेटल्या. तिच्या मुलीच्या लग्नात नाचल्या. एकीनेही कधी ओठ हलवला नाही.

माग थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“चल गं, बाहेर थंडी आहे,” विनी मोठ्याने म्हणाली आणि आपल्या कोटाच्या दोन्ही बाजू पुढे ओढून उभी राहिली. “बटणं लाव.”

डोरीन हलली नाही.

“चाळीस वर्षं लावतेयस. आज काय झालं?”

डोरीनने मान खाली घातली. वरचं बटण हातात घेतलं, मग त्याच्या खालचं, मग त्याच्याही खालचं. शेवटचं लावून झालं तरी तिने मान वर केली नाही. विनीचे ओठ हलत असतील तर?